आंबेखोलच्या पुलाची साक्ष

"आंबेखोलचा पूल धोकादायक झाला आहे, हे खरे आहे काय?" आमदार काटकरांनी विचारलं.

"हे खरे नाही," बांधकाममंत्री कुसुमताईंनी छापील उत्तर घाईनं वाचलं.

पुलांमध्ये बोलके मेंदू बसवून पन्नास वर्षं झाली होती. नियमाप्रमाणे अध्यक्षांनी खुद्द पुलालाच विचारलं. सभागृहात ताईंच्या ओळखीचा घोगरा आवाज घुमला.

"खरं आहे, अध्यक्ष महाराज. पण तिला रागावू नका. शाळेतून येताना ती माझ्या कठड्यावर बसून मला पाढे म्हणून दाखवायची. मला पाडायचं तिच्या जिवावर आलंय."

ताईंनी मान खाली घातली.

"कुसे, आता तिथं दुसऱ्या पोरी बसतात गं."

ताई सावकाश उठल्या. "हे खरे आहे, अध्यक्ष महाराज. पूल आजच बंद करते." मग हळूच म्हणाल्या, "कठडा तेवढा घरी नेऊ का रे?"