लव्हॉनचा आवडता पदार्थ

आर्डिसने फोन लोकरी टोपीच्या आत, कानाला चिकटून बसेल असा खोचला आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. गाडी रस्त्याकडेच्या चरात तिरकी रुतली होती. बर्फ निम्म्या काचांपर्यंत चढला होता. धूर बाहेर पडायची नळी बुजली होती, त्यामुळे गरम हवेसाठी इंजिन सुरू ठेवायचीही सोय नव्हती. मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं भांडं होतं. तळ्यातल्या रानतांदळाचा आळंबी घातलेला भात. निघताना तो वाफाळत होता.

"बर्फ काढायची गाडी निघालीय म्हणे," एल्नोरा फोनवर म्हणाली. "पण वारं फार आहे, वेळ लागेल. तू फक्त झोपू नकोस. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"मग आपण जेवायला बसलोय असं समज."

दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला आर्डिस, एल्नोरा आणि लव्हॉन या तिघी मैत्रिणी एल्नोराच्या घरी जमत. तिघींचेही नवरे गेलेले, मुलं दूरच्या शहरांत. पहिला घास घेण्याआधी एकमेकींना सणाच्या शुभेच्छा द्यायच्या आणि टेबलावरचा आपला आवडता पदार्थ सांगायचा, अशी त्यांची रीत होती. स्वतः केलेला पदार्थ मात्र सांगायचा नाही. लव्हॉन हा नियम दरवर्षी मोडायची. "माझी रताळी," म्हणायची, आणि वर आर्डिसच्या भाताकडे बघून विचारायची, "हे बदकांचं खाणं पुन्हा आणलंस होय गं?"

फोनवर एल्नोराने भाजलेल्या टर्की पक्ष्यापासून सुरुवात केली. कातडी कशी तांबूस झालीय, पोटात भरलेल्या पावाला कसा वास सुटलाय, सगळं सांगू लागली. वाऱ्याने गाडी हलली. काचांवरचा उरलासुरला उजेडही झाकला गेला. भर दुपारी आत निळा काळोख झाला, आणि आर्डिस काही वेळ कशाचाच विचार करू शकली नाही.

मग लव्हॉनचा आवाज आला.

"एल्नोरा ट्रक घेऊन गेलीय, त्या लोकांना तुझा रस्ता दाखवायला. मी एकटीच बसलेय इथे. सगळं गार झालंय."

आर्डिसला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलेनात. लव्हॉन उत्तरासाठी थांबली नाही. एल्नोरासारखं 'ऐकतेयस ना' असंही तिने एकदा विचारलं नाही. नुसती बोलत राहिली, हळू, एका सुरात. लव्हॉन असं कधी बोलत नसे. तिचा आवाज कानातून येतोय की मागच्या सीटवरून, हेही आर्डिसला कळेना.

कधीतरी थंडी गेली. एकदम. मग उकडायला लागलं. अंगातला कोट नकोसा झाला, जसा चुलीपाशी बसल्यावर होतो. आर्डिसचा हात गळ्यापाशी गेला, आणि कोटाची चेन खाली सरकू लागली.

"कोट काढू नकोस," लव्हॉन म्हणाली.

आर्डिस थबकली.

"माणूस गोठायला लागला की त्याला उकडतं. कार्ल सापडला तेव्हा त्याचा कोट हातभर अंतरावर पडला होता. मी कुणाला सांगितलं नाही ते. घरापासून किती जवळ होता, माहितेय ना तुला? चेन वर कर, आर्डिस."

कार्ल म्हणजे लव्हॉनचा नवरा. तो गेल्यापासून तिच्या तोंडी त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. आर्डिसने बधिर बोटांनी चेन वर ओढली. ती अडकली. तिने पुन्हा ओढली.

"त्या वर्षी मी सणाला आले नाही. दार लावून बसले होते. तू दार वाजवलंस, मी उघडलं नाही, तर पायरीवर भांडं ठेवून गेलीस. हाच भात. मी तो पातेल्यातच, उभ्याउभ्या खाल्ला. तळ खरवडून खाल्ला, आणि मग रडले. त्याआधी रडूच आलं नव्हतं मला. तोच आवडतो मला. दरवर्षी. तो सांगायला गेले की ते सगळं वर येईल, म्हणून रताळी सांगते. तू जाऊ नकोस गं. मला आता अजून कुणाला शोधायला जायचं नाहीये."

आर्डिस जागी राहिली. फावडं काचेवर आपटलं तेव्हाही ती जागीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी दवाखान्यात आल्या. एल्नोराने डबे उघडले. आर्डिसच्या बोटांना पट्ट्या होत्या, म्हणून लव्हॉनने चमचा हातात घेतला.

"रताळी खा," ती म्हणाली. "तुझा भात गाडीतच गोठला, सुटले मी."

आर्डिस हसली. "आता पुरे झालं नाटक. काल सांगितलंस की, तोच आवडतो म्हणून. पायरीवरचा, उभ्याउभ्या खाल्लेला. आणि कोटाचं सांगितलं नसतंस, तर मी आज इथे नसते."

एल्नोराला काहीच कळलं नाही. ती एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

लव्हॉनने चमचा डब्यात परत ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"तुझा फोन तर एल्नोरा टर्कीचं सांगत होती तेव्हाच बंद पडला होता," ती म्हणाली. "पलीकडे कुणी ऐकत नाही, म्हणून तर मी बोलले."