सिरका

“घ्या एक घोट आणि सांगा काय आहे ते,” फौजदार म्हणाला आणि त्याने पेला मनमोहन तळपद्यांच्या हातात ठेवला.

मनमोहनरावांनी सेसिलियाबाईंकडे पाहिलं. वीस वर्षांपासूनची शेजारीण. आतल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून त्या उभ्या होत्या.

गिरगावात सकाळपासून कर्फ्यू होता. नाक्यावर मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून घोषणा देणाऱ्या जमावावर गोळीबार झाला होता, आणि पळालेली माणसं शोधत पोलीस वाडीतल्या घराघरात शिरत होते. सेसिलियाबाईंच्या पुढच्या खोलीत माणूस सापडला नाही, टेबलावर उघडी बाटली सापडली. दारूबंदीच्या राज्यात तेवढंही पुरे होतं. पंच हवा म्हणून हवालदाराने समोरच्या घरातून मनमोहनरावांना उठवून आणलं. नाव, वय, धंदा विचारला. मनमोहनराव सरळ माणूस. सत्तावीस वर्षं फोर्टात एका विलायती कंपनीच्या वाईन खात्यात होतो, असं सांगून बसले.

“मग तर प्रश्नच मिटला,” फौजदार म्हणाला होता.

आता सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मनमोहनरावांनी घोट घेतला.

सहा वर्षांत जिभेला असलं काही शिवलं नव्हतं. तरी जीभ विसरली नव्हती. पोर्तुगालची वाईन. समुद्रापासून लांब, आतल्या तापलेल्या मुलखातली. तिथल्या उन्हात द्राक्षाची साल जाड होते, रस काळसर लाल उतरतो, आणि तो जिभेला नुसता लागत नाही, धरून ठेवतो. बाईंचा नवरा आग्नेलो बोटीवर स्टुअर्ड होता. दारूबंदीच्या आदल्या वर्षी त्याने या बाटल्या आणल्या आणि पुढच्याच फेरीला तो तापाने गेला. तेव्हापासून बाई वर्षातून एकदा, चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस, म्हणजे प्रार्थना, झाली की, एक बाटली उघडत. हे वाडीत मनमोहनरावांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

खरं बोलावं तर बाई सहा महिने तुरुंगात. खोटं बोलावं तर पंच म्हणून खाली सही त्यांचीच. खिडकीबाहेर पोलीस, दारात पोलीस.

त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पेला खाली ठेवला.

“सिरका आहे,” ते म्हणाले. “जुनी वाईन बूच सैल झालं की आंबते. लोणच्याखेरीज कशाला उपयोगी नाही.”

जन्मात पहिल्यांदा ते पोलिसांसमोर खोटं बोलले होते. कानशिलं तापली. पण फौजदाराने खांदे उडवले.

“असू दे मग. हवालदार, ती आतली खोली राहिली ना? बघून घ्या.”

हवालदार दोन पावलं पुढे आला. तेवढ्यात सेसिलियाबाई ताडकन टेबलाशी आल्या आणि त्यांनी बाटली छातीशी धरली.

“सिरका? माझ्या आग्नेलोच्या वाईनला सिरका बोलतोस, मनमोहनभाई? जीभ झडली काय तुझी?” त्या फौजदाराकडे वळल्या. “साहेब, हा म्हातारा खोटं बोलतो. दारू हाय ही. चांगली अस्सल दारू. माझी हाय. अजून तीन बाटल्या त्या कपाटात हायत. लिहून घ्या!”

“अहो बाई...”

“तू गप रे!”

फौजदार हसला. कपाट उघडलं. तीन बाटल्या निघाल्या. खाली लॉरीचा भोंगा वाजत होता, नाक्यावर पुन्हा दगडफेक सुरू झाली होती. फौजदाराला घाई होती, आणि हातात आयती केस होती. त्याने भराभर कागद लिहिला आणि मनमोहनरावांपुढे सरकवला.

“तळपदे, खोटं बोललात, पण या वेळी सोडतो. सही करा.”

मनमोहनरावांनी सही केली. पेन त्यांनी रागाने टेबलावर टाकलं. एका मेलेल्या माणसाच्या वाईनची शान राखायला ही बाई तुरुंगात चालली होती! आपलं खोटं तिने धुळीला मिळवलं, आणि वर आपल्याच हाताने तिला अडकवायला लावलं.

बाईंनी डोक्यावरून ओढणी घेतली. दारातून जाताना त्या थांबल्या.

“आत मांजर हाय,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून उपाशी हाय. दूध घाल तिला.”

लॉरी निघून गेली. वाडी चिडीचूप झाली. मनमोहनराव टेबलाशी तसेच उभे राहिले. या घरात मांजर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी स्वयंपाकघरातून दुधाची वाटी भरली आणि आतल्या खोलीचं दार ढकललं.

आग्नेलोच्या पलंगावर तिशीतला एक माणूस पडला होता. मांडी टेबलक्लॉथने करकचून बांधलेली, कापड रक्ताने भिजलेलं. उशाशी वाईनचा रिकामा पेला. मनमोहनरावांना पाहून तो उठायला धडपडला.

“पडून राहा,” मनमोहनराव म्हणाले. त्यांनी दार आतून लावलं आणि त्याचं डोकं उचलून वाटी ओठांना लावली. “कोण तू?”

“लालबागचा. गिरणीत आहे.” दोन घोट घेऊन त्याने वाटी बाजूला केली. दाराकडे बघत राहिला. त्याने आतून सगळं ऐकलं होतं.

“काका,” तो म्हणाला, “त्या बाईंचं नाव काय हो?”