खारी विहीर

मळा बघायला आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानेही पाण्याचा पहिलाच घोट थुंकून टाकला. विहीर खारी आहे तुमची, असं म्हणून तो आल्या पावली परत गेला. बाबा चक्रावले. भिंगरीने अर्धा भरलेला पेला उचलला आणि शहाण्या मुलीसारखी स्वयंपाकघरात गेली. तिच्या खिशात मिठाची पुरचुंडी होती.

दोन वर्षं कीड पिकावर ताव मारत होती. आई गेल्यापासून बाबांचं मनही उडालं होतं. मळा विकायचा आणि गिरणीत कामाला लागायचं, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि पुन्हा विषय काढू दिला नाही. भिंगरी नऊ वर्षांची, पण हट्ट तिच्या दुप्पट उंचीचा. ती रडली नाही. शाळेआधी ती वांग्यांतलं तण उपटायची, शाळेनंतर स्वतःएवढ्या उंच कुदळीने पाट मोकळे करायची. आईच्या हातचा मळा दुसऱ्या कोणाला मिळू द्यायचा नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

तिसरं गिऱ्हाईक फाटकाशी आलं तेव्हा ती पेल्यात मीठ ढवळत होती. मागून बाबांनी तिचं मनगट धरलं आणि मूठ उघडली. तळहातावरचे फोड फुटले होते, त्यांवर मिठाचे खडे चिकटले होते. बाबा त्या हाताकडे बघतच राहिले.

"झोंबत नाही?"

"झोंबतं की. पण तुम्ही कुठे ऐकता?"

बाबांनी पुरचुंडी काढून घेतली. पेला मोरीत ओतला. तिचे हात हळूच धुतले. पाणी मी देतो, तू बाहेर बस, एवढंच म्हणाले. भिंगरी पायरीवर जाऊन बसली. आता मात्र तिला रडू आवरेना.

गिऱ्हाईक मोठं चौकस. त्याने माती चोळून पाहिली, झाडं न्याहाळली, समाधानाने मान डोलावली. मग बाबांनी पाणी आणलं. एक घोट घेताच त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. पेला पायरीवर ठेवून तो तडक निघाला. बाबा त्याला फाटकापर्यंत सोडून आले, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि पाटाकडे गेले.

भिंगरीने डोळे पुसले आणि पेल्यातलं पाणी चाखून पाहिलं. मिठाला बाबांचा हात तिच्यापेक्षा सढळ होता.