एक बोट बुटका टायर

या, जरा जवळ सरकून बसा, एका हट्टी म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. गाडीचे टायर झिजले म्हणून तो दुकानात गेला आणि अडूनच बसला, की रिम तीच राहू दे, पण टायर एक बोट बुटका बसव.

दुकानदार वैतागला. “काका, लोक उंच टायर मागतात. बुटका घातला तर गाडी खालून घासेल, स्पीडचा काटा खोटं बोलेल. कंपनीने माप काय गंमत म्हणून दिलंय?”

“कंपनी माझ्या घरी राहत नाही. तू बसव.”

“उद्या गतिरोधकावर आपटली की मलाच शिव्या घालाल.”

“हळू चालवीन. किती घसा कोरडा करू बाबा?”

बाहेर गाडीत बसलेल्या काकूंनी काच खाली केली. “अहो, त्याचं रोजचंच काम आहे हे, त्या दुकानदाराचं ऐका की.”

त्यांच्या शेजारी टेकवलेली काठी दिसली, तेव्हा कुठे दुकानदाराच्या डोक्यात प्रकाश पडला. “काकूंना चढायला उंच पडतं होय? मग पायाखाली स्टूल ठेवा, टायर कशाला बदलता?”

म्हाताऱ्याने त्याला दंडाला धरून आत ओढलं. “हळू बोल. तिच्या पायांत जोर नाही, मीच तिला उचलून सीटवर ठेवतो. हल्ली शेवटचं एक बोट माझ्याने उचलवत नाही. हे तिला कळलं तर ती घराबाहेर पडणंच सोडेल.”

मंडळी, म्हाताऱ्याचं नाव मला ठाऊक नाही, देवाला असेल. झोपण्यापूर्वी हात जोडाल, तेव्हा त्याची आठवण असू द्या.