मोडलेल्या रात्रीची शेवंती

काचघराच्या मधोमध टांगलेल्या काळ्या कापडाच्या अलीकडे शेवंतीच्या एकशे चाळीस कुंड्या होत्या. नऊ कुंड्यांतली फुलं अजून धड होती. बाकी सगळ्यांच्या खालच्या पाकळ्या तपकिरी पडल्या होत्या. बोग्नाने दोनदा मोजलं. उद्या सर्व संतांचा दिवस. सगळं गाव कबरींवर शेवंती घेऊन जाणार, आणि परवापासून कबरीवरचं हे फूल कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

तिचे वडील सेवेरिन हातगाडी घेऊन उभे होते. बोग्नाच्या आईने मरेपर्यंत जपलेलं हे पिवळं वाण दरवर्षी दोन आठवडे आधीच फुलून जायचं. यंदाही सणाला हुकलं तर मुळांसकट खतात घालणार, असं त्यांनी जूनमध्येच सांगून टाकलं होतं. त्यांच्यामागे शेजारचा तेओफिल होता, गंमत बघायला.

शेवंती रात्र मोजते, रात्र पुरेशी लांबली की कळी धरते, हे बोग्नाने दोघांना उन्हाळाभर समजावलं होतं. शेवटी कळी उशिरा धरावी म्हणून अख्खा ऑगस्ट आणि वर एक आठवडा मध्यरात्री दिवे लावून तिने अर्ध्या काचघरातली रात्र मधोमध मोडली. उजेड इकडे येऊ नये म्हणून कापड टांगलं. सेवेरिनने तेव्हापासून पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

“दिवे लावले की कोंबड्या अंडी घालतात, पोरी,” तेओफिल म्हणाला. “शेवंतीला काय त्याचं?”

“मग तुम्हीच कापड ओढा, काका. अंडी निघाली तर तुमची.”

तेओफिलने हसत कापड ओढलं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

सेवेरिन रांगेतून सावकाश चालत गेले. माती तीच, कुंड्या त्याच, वाण तेच. फुलं गच्च, गोल, शेवटच्या पाकळीपर्यंत पिवळी. टोकाला पोचल्यावर त्यांनी तेओफिलला हातगाडी तिकडे आणायला सांगितलं. कुंड्या सांभाळून भर, म्हणाले, या दफनभूमीच्या फाटकाशी विकायला न्यायच्यात.

“आणि मुळं?” बोग्नाने विचारलं.

“सण झाला की उरतील त्या कुंड्या परत आण. हिवाळ्यासाठी तळघरात जागा करतो मी.”

एक कुंडी त्यांनी गाडीत चढू दिली नाही. ती बोग्नाच्या आईच्या कबरीवर जाणार होती. खिशातली घडीची मोजपट्टी काढून त्यांनी त्या कुंडीतलं फूल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजलं, चष्मा लावून पुन्हा मोजलं.

सोळा सेंटिमीटर, चार मिलिमीटर.