दुपारचा पहारा

बारा वाजून गेले तरी सोजरबाई आली नव्हती आणि ज्ञानदेवबुवांच्या गळ्यात वीणा तशीच होती. सप्त्याचा नेम असा, की सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही. एकानं उतरवली की दुसऱ्याच्या गळ्यात. वसाहतीतले पुरुष कंपनीत, म्हणून दुपारचा पहारा बायकांकडे. चार जाणत्यांचं न ऐकता हे बुवांनीच ठरवलं होतं.

"नळ आलाय, बुवा. दोन हंडे भरून आलेच," टाळ ठेवत आक्काबाई म्हणाली. "काल कीर्तनात खिदळत होती माझ्याशेजारी, आन आज पहाऱ्याला अंग काढतीय ही सोजर."

मंडप रिकामा झाला. बुवा तार छेडत 'रामकृष्णहरी' म्हणत राहिले. खांदा भरून आला होता.

मग कडेच्या बांबूपाशी सोजरबाई दिसली. चपला पायातच.

"ये गं माय, घे."

"दुसरी कुणी बघा. मला न्हाई शिवता यायची."

"अडचण असेल तर तसं कळवायचं आक्काबाईकडून."

"तसलं न्हाई." तिनं बांबू धरला. "काल तुमी सांगितलं ना, पोट पाडणारीचं. ती मी. गेल्या महिन्यात."

बुवांचा हात तारेवरच थांबला. काल कीर्तनात त्यांनी आवाज चढवून म्हटलं होतं, सरकारनं कायदा काय केला, दवाखान्यात पाप धुवायची लाँड्रीच निघाली! हशा असा पिकला, की बुवांनी ते वाक्य पुन्हा एकदा घेतलं होतं.

"धाकटं अजून अंगावर पितंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रगात न्हाई तुझ्यात, चौघं पोरकी होतील." पाठ केल्यासारखं ती बोलली. "ते जाऊ द्या. तुमच्या बोलण्याचं एवढं न्हाई. सगळा मंडप हसला."

"मी बी हसले, बुवा. आक्काबाई शेजारी होती. न हसून कसं भागलं असतं?"

तीस वर्षं कीर्तन संपलं की लोक पाया पडत आणि घरी जात. पुढं कुणी काही बोललं नव्हतं. बुवांच्या ओठांशी एक अभंग आला. तो त्यांनी गिळला.

"दवाखान्यात सोबत कोण होतं?"

"कोण असणार? मालकांची शिफ्ट होती. एकटीच गेले, एकटीच चालत आले."

बुवांनी वीणा उतरवली, कडेपर्यंत गेले आणि तिच्या गळ्यात घातली.

"नका, बुवा..."

"धर. मी सोडतोय."

तिनं दोन्ही हातांनी वीणा गच्च धरली. वीणा देताना एकमेकांच्या पाया पडायचं असतं. बुवा वाकले.

"अवो, चपला तरी काढू द्या!"

तोवर त्यांची बोटं चपलेच्या अंगठ्याला लागली होती.

"संध्याकाळच्या कीर्तनात माझं नाव घेऊ नका," चपला बाजूला सरकवत ती म्हणाली.

"तुझं काहीच नाही सांगणार. काल मी लोकांना कशावर हसवलं, तेवढं सांगेन."

तिनं तार छेडली. मग बारीक, कापऱ्या सुरात 'रामकृष्णहरी' सुरू झालं.

बुवा बायकांच्या बाजूला गेले आणि काल ती बसली होती तिथं, बांबूला टेकून बसले. तिथून कीर्तनकाराची उभं राहायची जागा फार लांब दिसत होती.