ओट्यावरची बॅटरी

गावभरच्या गाड्या चालू करून देणाऱ्या त्या मेकॅनिकची स्वतःची गाडी थंडी पडली की हटकून रुसायची. स्टार्टर मारला की म्हाताऱ्यासारखी तीनदा खोकायची आणि गप्प बसायची. आज लेकीची आठ वाजता परीक्षा होती. म्हणून काल संध्याकाळीच त्याने गाडीतली बॅटरी काढून घरात आणली आणि स्वयंपाकघरात, ओट्यावर, उबेला, चार्जिंगला लावली.

"आता हिला पांघरूणही घाला," बायको म्हणाली होती.

सकाळी त्याने चार्जरचे चिमटे काढले, जड बॅटरी दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि तेवढ्यात अंगणातून स्टार्टरचा आवाज आला.

गाडी तीनदा खोकली. मग सुरू झाली.

"झाली बाई एकदाची," पाठमोरी बायको बाटलीत पाणी भरता भरता म्हणाली. तो बाहेर गेलाय असंच ती समजून होती.

शेजाऱ्यांची असेल, त्याने स्वतःला बजावलं. पण इंजिनाच्या पट्ट्याची ती किरकिर त्याने झोपेतही ओळखली असती. महिनाभर बदलायचा राहिलेला पट्टा त्याचाच होता.

हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. लेकीला बोलवायची त्याची रोजची खूण.

"आले बाबा, आले," बाहेरच्या खोलीतून लेक म्हणाली. तिचे बूट धावत पायऱ्या उतरले.

तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, तर नुसता खोकला आला.

अंगणात गाडीचं दार लागलं.